शाळेच्या संकेतस्थळावर शिक्कामोर्तब : एचटीटीपीएस समजून घेऊ आणि बसवू



आपल्या महाबळेश्वर तालुक्यात, विशेषतः पाचगणीत, निवासी शाळा बऱ्याच आहेत. मूल इथे असतं आणि पालक मुंबईत, पुण्यात, कधी दुबईतही असतात. प्रवेशाचा अर्ज, फी, रजेची विनंती, मुलाच्या आजारपणाची माहिती हे सगळं आता शाळेच्या संकेतस्थळावरून येतं-जातं. छोट्या शाळाही आपापलं संकेतस्थळ तयार करू लागल्या आहेत. ते काम बहुधा संगणकाची आवड असलेल्या एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. हा लेख मुख्यतः त्या शिक्षकासाठी आहे. पण शाळेच्या संकेतस्थळावर मुलाची माहिती भरण्याआधी काय पाहायचं, हे पालकांनाही यातून कळेल.

साधं एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड

समजा, तुम्ही पाचगणीहून पुण्याला एक पोस्टकार्ड पाठवलं. ते पसरणी घाट उतरून वाईला जातं आणि पुढे ठिकठिकाणी हाताळलं जातं. वाटेत ज्याच्या हातात ते येईल, त्याला मजकूर वाचता येतो. कुणी शेवटी एखादी ओळ वाढवली, तर पत्र मिळणाऱ्याला संशयही येत नाही.

संकेतस्थळाचा पत्ता 'एचटीटीपी'ने सुरू होत असेल, तर तुमची माहिती अशीच उघडी जाते. हॉटेलचं वायफाय, इंटरनेट पुरवणारी कंपनी, मधली यंत्रं, कुठेही ती वाचता येते आणि बदलताही येते. सुट्टीत मुलाला भेटायला आलेले पालक लॉजच्या वायफायवरून शाळेच्या पानावर पासवर्ड टाकतात, तेव्हा तो पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखाच असतो.

'एचटीटीपीएस'मधला शेवटचा 'एस' म्हणजे सिक्युअर, सुरक्षित. त्यामागचं तंत्र म्हणजे टीएलएस. याचं जुनं नाव एसएसएल. नेटस्केप कंपनीने ते १९९० च्या दशकात आणलं. एसएसएल केव्हाच बाद झालं, तरी बाजारात आजही 'एसएसएल सर्टिफिकेट' हाच शब्द चालतो. म्हणून होस्टिंगवाल्याने 'एसएसएल' म्हटलं की आपण टीएलएस समजायचं.

शिक्का आणि मोर्तब

सुरक्षित जोडणी तीन गोष्टी करते.

१. गुप्तता : मधल्या कुणालाही मजकूर वाचता येत नाही.
२. अखंडता : वाटेत एक अक्षर बदललं तरी ते लगेच कळतं आणि जोडणी तुटते.
३. ओळख : समोरचा सर्व्हर खरोखर त्याच नावाचा आहे, याची खात्री पटते.

दुसरी आणि तिसरी गोष्ट मुलांना समजावायला दूर जावं लागत नाही. शिवकालीन पत्रांवर सुरुवातीला राजमुद्रा असे. पत्र कुणाचं, हे तिच्यावरून ठरे. मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे मर्यादेची मुद्रा उमटवत. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी काही लिहिलं तर ते आमचं नव्हे, असा तिचा अर्थ. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द यातूनच आला. शिक्का म्हणजे ओळख आणि मोर्तब म्हणजे अखंडता. टीएलएसमध्ये हीच दोन कामं गणिताने होतात, आणि त्यावर गुप्ततेची भर पडते.

सगळ्यांसमोर बोलून गुपित कसं ठरवायचं?

इथे मुलं हमखास एक प्रश्न विचारतात. "सर, मजकूर कुलूपबंद करायचा तर दोघांकडे एकच किल्ली हवी. पण ती किल्लीच वाटेत कुणी चोरली तर?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ साली जाहीर केलं. घातांक आणि भागाकारातली बाकी येत असेल, तर आठवीचा वर्गही ते करून पाहू शकतो.

वर्गात कृष्णा गट आणि कोयना गट असे दोन गट करा. फळ्यावर २ आणि ११ या दोन संख्या लिहा. त्या सगळ्यांना माहीत असू देत.

- कृष्णा गटाने मनात ४ धरले. २ चा ४ था घात १६. त्याला ११ ने भागल्यावर बाकी ५. त्यांनी '५' मोठ्याने सांगायचं.
- कोयना गटाने मनात ३ धरले. २ चा ३ रा घात ८. ११ ने भागल्यावर बाकी ८. त्यांनी '८' मोठ्याने सांगायचं.
- आता कृष्णा गटाने ऐकलेल्या ८ चा ४ था घात काढायचा : ४०९६. ११ ने भागल्यावर बाकी ४.
- कोयना गटाने ऐकलेल्या ५ चा ३ रा घात काढायचा : १२५. ११ ने भागल्यावर बाकी ४.

दोघांकडे ४ आले. वर्गाने २, ११, ५ आणि ८ ऐकले, पण सामाईक गुपित मोठ्याने कुणीच बोललं नाही. ११ ही संख्या लहान असल्यामुळे हुशार मुलं सगळे घात काढून ते शोधतील, आणि शोधू द्याच! मग सांगा की प्रत्यक्षात ही मूळ संख्या सहाशेहून अधिक अंकी असू शकते. तिथे असं शोधत बसणं कुणाच्याच आवाक्यात नाही. आजकाल याच कल्पनेचं आणखी सुटसुटीत रूप वापरतात, पण गाभा हाच आहे. ब्राउझर आणि सर्व्हर प्रत्येक भेटीत नवं गुपित ठरवतात आणि पुढची सगळी देवाणघेवाण त्या गुपिताने कुलूपबंद करतात.

आता खेळात सावित्री गटाला मधे उभं करा. तो गट कृष्णाला म्हणतो, "मीच कोयना," आणि कोयनेला म्हणतो, "मीच कृष्णा." दोन्हींकडे वेगवेगळी गुपितं ठरली आणि सावित्रीने सगळं वाचलं! गणित बरोबर असूनही फसवणूक झाली, कारण समोरचा कोण आहे हे कुणी तपासलंच नाही. म्हणून प्रमाणपत्र लागतं.

प्रमाणपत्राला साक्षीदार कोण?

सर्व्हरकडे किल्ल्यांची एक जोडी असते. खाजगी किल्ली फक्त त्याच्याकडे राहते आणि सार्वजनिक किल्ली सगळ्यांना दिसते. खाजगी किल्लीने केलेली सही सार्वजनिक किल्लीने तपासता येते. 'ही सार्वजनिक किल्ली अमुक डोमेनचीच आहे' असं लिहून त्यावर एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने डिजिटल सही केली, की झालं सर्टिफिकेट. अशा संस्थेला सर्टिफिकेट अथॉरिटी म्हणतात. कोणत्या संस्थांवर विश्वास ठेवायचा, याची यादी आपल्या ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीच असते.

पालकांना हे कठीण वाटत असेल, तर डिजिटल सहीचा सातबारा आठवा. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात तो मिळू लागला. त्यावर तलाठ्याची शाईची सही नसते, तरी तो चालतो, कारण त्यावरची डिजिटल सही तपासता येते. तत्त्व तेच.

पण सही करणाराच चुकला तर? हे आपल्याच देशात घडलेलं आहे. जुलै २०१४ मध्ये गुगलच्या काही डोमेनच्या नावाने अनधिकृत प्रमाणपत्रं दिली गेल्याचं उघड झालं. ती राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, प्रमाणपत्र यंत्रणेतून निघाली होती. त्या यंत्रणेला भारत सरकारच्या प्रमाणन नियंत्रकाची मान्यता होती आणि विंडोजच्या विश्वासू यादीतही तिला जागा होती. ती प्रमाणपत्रं रद्द झाली. त्यानंतर क्रोमने त्या भारतीय मूळ प्रमाणपत्रावरचा विश्वास मोजक्या भारतीय डोमेनपुरताच ठेवला.

अशा घटनांमुळे प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवही ठेवण्याची पद्धत रूढ झाली. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रमाणपत्र अशा नोंदवहीत नसेल, तर क्रोम ते मान्य करत नाही. शाळेला याचा फायदा असा, की आपल्या डोमेनच्या नावाने कुणी परस्पर प्रमाणपत्र काढलं का, हे नोंदवहीत पाहता येतं. मात्र ही वही सगळ्या जगाला खुली आहे. म्हणून 'परीक्षाविभाग' किंवा 'गुणनोंद' अशी आतल्या कामाची नावं उपडोमेनला देताना विचार करा.

आता प्रत्यक्ष बसवू

आधी आपलं संकेतस्थळ कुठे आहे ते पाहा. कामाचा आवाका त्यावर ठरतो.

*पहिला प्रकार : ब्लॉगरसारखी तयार सेवा.* सर्व्हर गुगलचा, त्यामुळे तुम्हाला काही बसवायचं नाही. स्वतःचं डोमेन जोडलं असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन एचटीटीपीएस उपलब्धता आणि एचटीटीपीएस रीडायरेक्ट हे दोन्ही पर्याय चालू करा.

*दुसरा प्रकार : भाड्याचं होस्टिंग.* सीपॅनलसारख्या नियंत्रण-पानावर 'एसएसएल' किंवा 'ऑटोएसएसएल' असा भाग असतो. बऱ्याच ठिकाणी तिथे प्रमाणपत्र मोफत मिळतं. कुणी त्यासाठी वेगळे पैसे मागितले, तर ते कशासाठी, हे आधी विचारा. महागड्या प्रमाणपत्राने मजकूर जास्त घट्ट कुलूपबंद होत नाही. फरक पडतो तो मुख्यतः संस्थेची कागदपत्रं किती तपासली यात.

*तिसरा प्रकार : स्वतःचा सर्व्हर.* म्हणजे भाड्याने घेतलेला लिनक्स सर्व्हर आणि त्यावर अपाचे किंवा एनजिनएक्स. इथे 'लेट्स एन्क्रिप्ट' उपयोगी पडतं. इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप या ना-नफा संस्थेची ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. ती प्रमाणपत्रं मोफत देते. क्रम असा ठेवा :

१. डोमेनच्या डीएनएस नोंदीत तुमच्या सर्व्हरचा आयपी पत्ता बरोबर आहे ना, ते पाहा. आयपीव्ही-६ ची जुनी, चुकीची नोंद राहून गेली असेल तर काढून टाका. पुष्कळांचं गाडं इथेच अडतं.

२. फायरवॉलमध्ये पोर्ट ८० आणि ४४३ उघडा. ८० साध्या एचटीटीपीचं दार, ४४३ सुरक्षित जोडणीचं.

३. आधी संकेतस्थळ साध्या एचटीटीपीवर नीट उघडतंय का, ते बघा. अपाचे किंवा एनजिनएक्सच्या मांडणी-फाइलमध्ये डोमेनचं नाव बरोबर लिहिलेलं हवं. मूळच चालत नसेल, तर त्यावर कुलूप बसणार नाही.

४. 'सर्टबॉट' हे साधन बसवा. त्याच्या अधिकृत पानावर तुमचा वेब सर्व्हर आणि ऑपरेटिंग सिस्टीम निवडली, की नेमक्या आज्ञा ओळीने मिळतात. त्या तिथूनच घ्या. कुठल्यातरी जुन्या व्हिडिओतून उतरवून घेऊ नका.

५. सर्टबॉट चालवा. तो ईमेल विचारेल, अटी दाखवेल आणि कोणत्या नावांसाठी प्रमाणपत्र हवं ते विचारेल. नाव 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह आणि त्याशिवाय, अशी दोन्ही नावं घ्या. नाहीतर एका पत्त्यावर सगळं ठीक चालतं आणि दुसऱ्यावर इशारा दिसतो.

६. डोमेन तुमच्याच ताब्यात आहे हे तपासण्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट सर्व्हरवर एक छोटी खूण ठेवायला सांगतं आणि बाहेरून पोर्ट ८० वर येऊन ती वाचतं. सर्टबॉट हे आपोआप करतो. अपयश आलं, तर कारण वाचून दुरुस्ती करा. त्याच आज्ञेचा पुन्हा पुन्हा मारा करू नका, कारण एका तासात एका नावासाठी ५ अयशस्वी प्रयत्न झाले की थांबावं लागतं. सरावासाठी 'ड्राय रन' हा पर्याय आहे.

७. एचटीटीपीवर येणाऱ्या प्रत्येकाला एचटीटीपीएसकडे वळवा. हे केलं नाही, तर जुन्या दुव्यावरून येणारे पालक उघड्या वाटेनेच येत राहतील.

८. टीएलएसच्या १.२ आणि १.३ याच आवृत्त्या चालू ठेवा. १.० आणि १.१ या २०२१ मध्ये अधिकृतरीत्या बाद झाल्या. शेवटी क्वालिसच्या एसएसएल लॅब्स या मोफत तपासणीत आपलं डोमेन टाकून निकाल पाहा.

बसवलं की संपलं, असं नाही

*नूतनीकरण.* लेट्स एन्क्रिप्टचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं असतं. सर्टबॉट ते स्वतःहून तपासतो आणि साधारण ३० दिवस उरले की नवं आणतो. पुढे या मुदती आणखी आखडणार आहेत. १५ मार्च २०२९ पासून कोणत्याही सार्वजनिक प्रमाणपत्राची कमाल मुदत ४७ दिवस असेल, असा निर्णय २०२५ मध्ये झाला आहे. त्यामुळे कॅलेंडरवर खूण करून हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस गेले. बसवल्याच दिवशी नूतनीकरणाचा 'ड्राय रन' करून पाहा. मुदत संपत आल्याची ईमेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केली आहे, म्हणून तिची वाट पाहू नका.

आपल्याकडे पावसाळ्याचाही विचार करावा लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये महाबळेश्वरात वीज जाते आणि इंटरनेटही जातं. सर्व्हर शाळेच्याच खोलीत असेल आणि नेमका नूतनीकरणाच्या दिवसांत बंद राहिला, तर ३० दिवसांची सवड हाताशी असते. तरीही पाऊस ओसरला की प्रमाणपत्राची तारीख एकदा बघा. पालकांसाठीचं संकेतस्थळ मात्र बाहेरच्या होस्टिंगवर ठेवणंच बरं.

*खाजगी किल्ली.* ती सर्व्हरवरच राहू द्या. व्हॉट्सॲपवर, ईमेलने किंवा सहकाऱ्याच्या पेन ड्राइव्हवर ती जाता कामा नये. फुटली अशी शंका आली, तरी जुनं प्रमाणपत्र रद्द करून नवी किल्ली तयार करा. आणि सर्व्हरचा पासवर्ड एकट्या शिक्षकाच्या डोक्यात नको. त्यांची बदली झाली की शाळेचं संकेतस्थळ पोरकं होतं. डोमेन, होस्टिंग आणि नूतनीकरण यांची लेखी नोंद मुख्याध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवा.

*अर्धवट सुरक्षित पान.* पान एचटीटीपीएसवर आलं, पण स्नेहसंमेलनाचे जुने फोटो 'एचटीटीपी'च्या दुव्याने जोडलेले असले, की फोटो दिसत नाहीत किंवा ब्राउझर कुरकुर करतो. असे जुने दुवे शोधून बदला.

इशारा दिसला तर

'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' असं पान आलं की 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही, ही सवय मुलांना लावा. नंतर कारण शोधा :

- संगणकाची तारीख पाहा. शाळेच्या जुन्या संगणकांत मदरबोर्डवरची छोटी बॅटरी संपली की घड्याळ काही वर्षं मागे जातं. मग चांगलं प्रमाणपत्रही 'अजून सुरू न झालेलं' ठरतं.
- जुना टॅब असेल तर अँड्रॉइडची आवृत्ती पाहा. ७.१ च्या आधीच्या अँड्रॉइडला लेट्स एन्क्रिप्टचं मूळ प्रमाणपत्र ठाऊक नाही. इथे दोष संकेतस्थळाचा नसतो.
- हॉटेलच्या किंवा स्थानकाच्या वायफायवर असाल, तर त्यांचं लॉगिन पान मधे येत असेल. तरीही अशा वेळी पासवर्ड टाकू नका.
- हे काहीच नसेल, तर शाळेला फोन करा. बहुधा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते.

कुलूप आहे म्हणून माणूस भला, असं नव्हे

पालकांसाठी सगळ्यांत महत्त्वाचं हेच आहे. प्रमाणपत्र एवढंच सांगतं, की तुम्ही पत्त्यातल्या नावाशीच बोलताय आणि मधे कुणी ऐकत नाही. त्या नावामागचा माणूस प्रामाणिक आहे, हे ते सांगत नाही. पर्यटनस्थळांच्या हॉटेलांची खोटी बुकिंग पानं निघतात, त्यांच्याकडेही असंच मोफत प्रमाणपत्र असू शकतं. चोराशी केलेला खाजगी संवादही खाजगीच असतो! क्रोमने २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं कुलपाचं चित्र काढून टाकलं, ते यासाठीच. लोक त्याचा अर्थ 'विश्वासू संकेतस्थळ' असा घेत होते. म्हणून मुलांना कुलूप शोधायला नव्हे, तर पत्त्यातलं नाव अक्षर-अक्षर वाचायला शिकवा. पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करा.

शाळेची जबाबदारीही सर्व्हरवर येऊन संपत नाही. वाटेत कुलूपबंद आलेली मुलांची यादी सर्व्हरवर उघड्या फाइलमध्ये पडली असेल, तर उपयोग काय? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची संमती मागतो. म्हणून अर्जात लागेल तेवढंच विचारा, काम झालं की काढून टाका, आणि आधार क्रमांक व रक्तगट 'असू द्यावं' म्हणून मागू नका.

या आठवड्यात एक करा. तुमच्या शाळेच्या संकेतस्थळाचा पत्ता साध्या 'एचटीटीपी'ने टाइप करून पाहा. ते आपोआप एचटीटीपीएसवर वळलं तर उत्तम. नाही वळलं, तर वरच्या आठ पायऱ्यांपैकी कुठे अडलंय ते शोधा. आणि कृष्णा-कोयनेचा खेळ वर्गात घेतलात, तर सावित्री गटाला पकडायची कोणती युक्ती मुलांनी सुचवली, ते आम्हाला जरूर कळवा.